मागचे तीन आकडे

नाताळला नऊ दिवस होते
आणि चांदरच्या पोस्टात डिंक संपला होता,
तेव्हा एर्मेलिंद आली.
छत्री मिटलेली, मोबाईल उघडा,
दोन बोटांत बँकेचं कार्ड,
मासळीवालीला नोट दाखवावी तसं.

"बाय, एवढं वाचून दे. मागचे तीन आकडे.
चष्मा दोदोलाच्या कढईपाशी राहिला."

मी कार्ड उलटं केलं.
आकडे वाचलेही, मनात.
मग विचारलं, कुणाला हवेत?

"तुम्हालाच की. पोस्टाला."

पडद्यावर आमचाच लाल रंग,
आमचीच निशाणी, जरा जास्तच चकचकीत;
इतका ताजा रंग खात्याने आमच्या भिंतींना कधी दिला नाही.
खाली लिहिलेलं: प्रिय ग्राहक,
आपलं पार्सल कस्टममध्ये अडकलं आहे.
एकोणपन्नास रुपये भरा. आज रात्री बारापर्यंत.
नाहीतर परत.

तिचा तेओतोन बोटीवर असतो.
नोव्हेंबरात त्याने साउदॅम्प्टनहून खोका टाकला
हे सगळ्या वाड्याला ठाऊक.
"मग ह्यांना कसं कळलं?" ती म्हणाली, जिंकल्यासारखी.

नाही कळलं, एर्मेलिंद.
डिसेंबरात इथे कुठल्याही दारावर खडा मार,
आत कुणीतरी खोक्याची वाट बघतच असतं.

"एकोणपन्नासच तर."
एकोणपन्नास फक्त दार ढकलायला.
आत शिरल्यावर आकडा ते ठरवतात.

तिला पटेना. मग मी ताटाचं विचारलं.
नाताळला घरोघर ताट फिरतं,
नेवऱ्या, दोदोल, वर क्रोशाचा रुमाल.
रुमालावरून सांगतेस ना, कुठल्या घरचं ते?
"डोळे मिटून."
आणि अनोळखी पोराने तुझाच रुमाल घालून
तुझ्याच दारात ताट आणलं तर?

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
"म्हणजे रुमाल चोरलाय," म्हणाली.

आणि तुला प्रिय ग्राहक कोण म्हणतं गं, या गावात?
तेओतोन मांय म्हणतो,
वीज मीटर वाचणारासुद्धा आंटी म्हणतो.
एकोणतीस वर्षं पार्सलं हाताळतेय मी,
कोपरे चेपलेली, भिजलेली, मुंग्या लागलेली.
एकही कधी म्हणालं नाही, घाई कर.

हे सगळं मी फार शहाण्यासारखं बोलले.

मग शटर अर्धं ओढलं
आणि घरात न सांगितलेलं तिला सांगितलं:
गेल्या चवथीला, माटोळी बांधायच्या आदल्या रात्री,
कर परत मिळणार म्हणून मेल आला.
मी मागचे तीन आकडे भरले. चष्मा लावून.
मग ओटीपीही.
अकरा हजार सहाशे.
नवऱ्याला म्हटलं, फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला होता.
फ्रिज अजून तसाच घरघरतो,
आणि तो घरघरला की मी रेडिओ मोठा करते.

एर्मेलिंद हसली नाही.
कार्ड तिने ब्लाउजात खोचलं, स्टुलावर बसली.
"आणि तिथे फोन केलास?"
तिच्या बोटाच्या रेषेत भिंत होती,
भिंतीवर कागद, कागदावर एकोणीसशे तीस.
मीच चिकटवलेला. डिंक त्यातच संपला होता.

नंबर तिने लावला, ते आकडे मोठे होते,
आणि मोबाईल माझ्या कानाशी धरून ठेवला,
बाळाला शिंपल्यातला समुद्र ऐकवावा तसा.
पलीकडची बाई म्हणाली, कधी घडलं?
चवथीला, मी म्हटलं.
लगेच का नाही कळवलं?
याचं उत्तर मला कुठल्याच रकान्यात बसवता येईना.

पैसे आले नाहीत. बहुतेक येणारही नाहीत.
तेओतोनचा खोका आला तीन राजांच्या फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी,
एक कोपरा चेपलेला, आत मोजे आणि चॉकलेटं,
सही घेऊन मी हातात दिला.

त्याआधी, नाताळच्या सकाळी, तिचं ताट आलं होतं.
रुमाल तोच, जुना.
फक्त एका कडेला आतल्या बाजूने
एकच हिरवा टाका.
कशाचा ते मी विचारलं.
"तो कुणाला दाखवू नको," एर्मेलिंद म्हणाली.